कमलिनीताईंची म्हैसूर पाहणी

म्हैसूरला राहणाऱ्या माणसाने म्हैसूर पाहिलेलं असतं, असा एक समज आमच्या वर्ध्याकडे पक्का रुजलेला आहे. तो खोडून काढायचा मी एकोणीस वर्षं कंटाळा केला आणि मागच्या डिसेंबरात, एका शनिवार-रविवारी, त्याचं फळ मला मिळालं.

सुरुवात फोनने झाली. फोन ताईचा. कमलिनीताई ही माझी थोरली बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. ती फोनवर हॅलो म्हणत नाही, हजेरी घेते.

"त्र्यंबक?"

"हो, ताई."

"रामेश्वरहून परतताना दोन दिवस तुझ्याकडे उतरते. शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ. साडेआठची गाडी आहे. म्हैसूर दाखवशील?"

"अगं, दाखवशील काय! सगळं दाखवतो!"

"रविवारी राजवाड्यावर दिवे लावतात म्हणे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

हे शेवटचं वाक्य ऐकून मी जागच्या जागी उभा राहिलो. कारण ते फक्त मलाच कळणारं होतं. ताई नववीत असताना तिच्या शाळेची सहल म्हैसूरला गेली होती. ताईचं नाव यादीत होतं, ट्रंक भरलेली होती, आणि निघायच्या आदल्या दिवशी मला गोवर निघाला. मी पाच वर्षांचा. आई आधीच आजारी. ताई राहिली. तिच्या मैत्रिणीने येताना तिला एक पोस्टकार्ड आणलं, दिव्यांनी उजळलेल्या राजवाड्याचं. ते ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं मी लहानपणी किती वेळा पाहिलं असेल! ती त्याबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही. त्यामुळे तर मला ते जास्तच टोचायचं.

तेव्हा ठरलं. काहीही होवो, रविवारी संध्याकाळी सात वाजता ताई राजवाड्यासमोर उभी असली पाहिजे. दिवे सात ते पावणेआठ. स्टेशन तिथून दहा मिनिटांवर. हिशेब चोख बसत होता, आणि अंगात असा उत्साह संचारला की मी त्याच रात्री लॅपटॉप उघडला.

इथे सांगायला हवं की मी मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात उत्पादन नियोजन विभागाचा प्रमुख आहे. कुठला सुटा भाग कोणत्या मशीनवर किती वाजता चढेल हे मी सांगतो. (तो त्या वेळी चढत नाही, पण तो विभाग वेगळा.) अशा माणसाला दोन दिवसांची सहल म्हणजे किरकोळ काम. तासाभरात एकवीस ओळींचा तक्ता तयार झाला. चामुंडी टेकडी, नंदी, प्राणिसंग्रहालय, तलाव; प्रत्येकाला वेगळा रंग, प्रत्येकाच्या पुढे मिनिटं, आणि दर तीन स्थळांनंतर सात मिनिटांचा राखीव वेळ. राजवाड्याची ओळ मी लाल केली आणि ठळक केली.

तक्ता पाहून माझी मुलगी आभा म्हणाली, "बाबा, सुम्ने विचारते हं. तू पॅलेसचे लाइट्स बघितलास का?"

आभाचा जन्म इथला. तिच्या मराठीत कन्नड असं मधूनमधून पेरलेलं असतं, आणि हे सुम्ने म्हणजे 'उगीच'.

"म्हणजे काय! रोज तिथून तर जातो."

"जातोस. पण लाइट लावलेले? आत जाऊन?"

मी तक्त्याचा फॉन्ट बदलू लागलो. खरी गोष्ट अशी की एकोणीस वर्षांतला प्रत्येक रविवार मी पुढच्या रविवारवर ढकलला होता.

मग आले शेजारी. म्हैसूरच्या शेजाऱ्याला तुमच्याकडे पाहुणा येणार हे तुमच्या आधी कळतं. पहिले आले रघूत्तमराव. यांचं घराणं पाच पिढ्यांपासून म्हैसुरात, घरात बोलतात मराठी, पण ती मराठी ऐकताना पहिली दोन वर्षं मी नुसती मान हलवत होतो.

"चामुंडी, झू, हे सगळे बघतात, अल्वा?" त्यांनी तक्ता नाकासमोर धरला. (अल्वा म्हणजे 'नाही का'.) "बैलकुप्पे कुठं आहे यात? बैलकुप्पे नाही तर म्हैसूर काय बघटलं तुमी?"

बैलकुप्पे म्हणजे तिबेटी लोकांची वसाहत, सोनेरी मुलाम्याच्या मोठमोठ्या बुद्धमूर्ती असलेली. ती म्हैसुरात नाहीच, पाऊणशे-ऐंशी किलोमीटर दूर आहे, हे मी त्यांना सांगितलं.

"तेच म्हणतो मी. सकाळी गेलं की दुपारी वापस. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा." आणि त्यांनी माझ्याच पेनाने, माझ्याच तक्त्यात, रविवार सकाळवर बैलकुप्पे लिहिलं.

दुसरे आले समोरचे वेंकटेश. हे नजरबादच्या एका सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आहेत, म्हणजे कागदोपत्री. मनाने ते अजून रोज साडेदहाला सही करतात. बैलकुप्पेच्या वाटेवर, हुणसूर रस्त्याला, एक सरकारी उद्यान आहे आणि तिथलं काचघर फार सुंदर आहे, ही बातमी त्यांनीच दिली.

"पण सार, रविवारी काचघर पब्लिकला क्लोज. चिंते माडबेडी. एक लेटर घेऊ. लेटर असलं की सगळं उघडतं."

चिंता करू नका असं वेंकटेश म्हणाले की माझी चिंता सुरू होते. पण ताईला फुलांचं वेड. मी गुरुवारी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर नजरबादला गेलो. तिथे आधी अर्ज लागला. अर्जाला आधारची झेरॉक्स लागली. झेरॉक्सवर सही लागली. सही करून नेली तर ती निळ्या शाईत हवी होती. अडीच तासांनी वेंकटेश यांच्या हाताखाली एकेकाळी काम केलेल्या क्लार्कने कन्नडमध्ये टाइप केलेलं, गोल शिक्का मारलेलं पत्र माझ्यापुढे ठेवलं.

"ओदी, सार," वेंकटेश म्हणाले. म्हणजे वाचा.

आता माझी एक जखम उघडी करतो. मी कन्नड फर्डं बोलतो. भाजीवाली माझं कौतुक करते. पण वाचायला मला बसचे आकडे आणि मेडिकल स्टोअरची पाटी, एवढंच येतं. आणि गेली कित्येक वर्षं मी सोसायटीत सगळ्यांना सांगत आलो आहे की मला कन्नड लिहिता-वाचता येतं. एकदा तर त्यावर भाषणही केलं होतं. त्यामुळे मी चष्मा लावला, पत्रावर डोळे वरून खाली फिरवले, मध्ये एकदा कपाळाला आठी घातली आणि म्हणालो, "परफेक्ट."

शनिवारी सकाळी ताई उतरली. हातात एकच पिशवी, तोंडाने "दाढी काहून वाढवली?" हा प्रश्न. मी तक्ता तिच्या हातात दिला. तिने तो वाचला, पिशवीतून लाल पेन काढलं आणि दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं.

पहिल्याच ओळीला घोळ झाला. 'सकाळी नऊ: प्रस्थान' असं लिहिलं होतं. नऊला आम्ही फाटकाशी पोचलो तर वेंकटेश यांच्या सौभाग्यवती नागरत्ना हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभ्या. घरी आलेली बाई कॉफी आणि हळदीकुंकवाशिवाय बाहेर पडते म्हणजे काय! ताई आत गेली. नागरत्नांना मराठी येत नाही, ताईला कन्नड येत नाही, आणि दोघी पन्नास मिनिटं न थांबता बोलल्या. ताई बाहेर आली ती नारळ, खण आणि कॉफीची पूड घेऊन.

चामुंडीला निघालो तेव्हा माझे दिवसाचे सगळे राखीव वेळ संपलेले होते. गाडी माझी बायको मृदुला चालवते. मी शेजारी बसून वेळ सांगतो. टेकडीच्या वळणावळणाच्या रस्त्याला आभा खिडकीबाहेर तोंड काढून बसली, मी डोळे मिटले, आणि मागच्या सीटवर ताई मजेत चिवडा खात होती. "काय सुरेख वळणं आहेत रे!" ती म्हणाली, आणि डबा माझ्यापुढे केला. मला तो वासही सहन होईना.

दर्शन, नंदी, मग प्राणिसंग्रहालय. तिथे जिराफाला मी सहा मिनिटं दिली होती. ताईने त्याला पस्तीस दिली. "याची मान पाहिली का, त्र्यंबक? वर्गात मागच्या बाकावरची मुलगी दिसायला अशी मान हवी होती मला," ती म्हणाली आणि इतकी हसली की मलाही घड्याळाचा विसर पडला. हे खरं सांगतो, त्या क्षणी मी फार खूश होतो. एकवीसपैकी सहा ओळी झाल्या होत्या. पण लाल ओळ शाबूत होती.

रविवारी पहाटे बैलकुप्पे. तिथे तर सगळं वेळेवर झालं. ताई त्या सोनेरी मूर्तींसमोर मांडी घालून बसली, भिक्षूंचं पठण डोळे मिटून ऐकलं आणि बरोबर दिलेल्या वेळेला उठली. माझा आत्मविश्वास परत आला. दुपारी साडेतीनला, तक्त्याबरहुकूम, आम्ही त्या सरकारी उद्यानाच्या फाटकाशी पोचलो. काचघर: पंचेचाळीस मिनिटं.

फाटकावर रांगोळी होती. आत अकरा माळी धुतलेल्या शर्टात एका ओळीत उभे होते. त्यांच्या पुढे एक बाई, हातात फाइल घेतलेल्या. गाडीतून आम्ही उतरताच त्या पुढे आल्या आणि ताईच्या गळ्यात चंदनाच्या सालींचा हार घातला, खांद्यावर शाल पांघरली. मग माझ्याकडे वळल्या आणि माझ्या डोक्यावर जरीचा म्हैसूर पेटा, म्हणजे इथली पगडी, चढवला. माळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आतिथ्य म्हणतात ते हे," मी मृदुलेच्या कानात म्हणालो.

"अहो, पत्र दाखवा जरा आभाला," मृदुला म्हणाली.

आभाने पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. "बाबा, यात लिहिलंय की आत्या पाहणी समितीची चेअरमन आहे. तू सेक्रेटरी. आई आणि मी मेंबर. आणि कॉपी इथे गुरुवारीच पाठवली आहे." तिने माझ्याकडे पाहिलं. "पण तू वाचलं होतंस ना?"

मी तिथूनच वेंकटेश यांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "सार, ऑफिसमध्ये फॉर्मॅट एकच. समितीचं. फिरायला येणाऱ्यांचा फॉर्मॅटच नाही. म्हणून तर ओदी म्हणालो. तुम्ही परफेक्ट म्हणालात."

मी पेटा काढून हातात घेतला आणि खुलासा करायला पुढे झालो. ताईने माझं मनगट धरलं. शाळेत धरायची तसं.

"थांब. त्या बाईंचे हात पाहा."

त्या बाईंचं नाव वरलक्ष्मी. उद्यान त्यांच्याकडे होतं. फाइल धरलेले त्यांचे हात थरथरत होते.

"तीन दिवस झोपल्या नसतील," ताई हळूच म्हणाली. "आता खुलासा केलास तर त्यांनी केलेलं सगळं वाया. रांगोळीसुद्धा. चला, पाहून घेऊ. पाहायलाच आलो आहोत ना आपण?"

पुढचे अडीच तास मी आयुष्यात विसरणार नाही. ताई पुढे, आभा दुभाषी, मी पेटा घालून वही धरलेला सचिव. ताईने काचघर पाहिलं, आणि ते खरंच इतकं देखणं होतं की मी दोनदा 'वा' म्हणालो आणि दोनदा तिने मला गप्प केलं. मग तिने रोपवाटिका पाहिली. खताचा खड्डा पाहिला. अवजारांची खोली उघडायला लावली आणि खुरप्यांची धार बोटाने तपासली. प्रत्येक माळ्याला नाव विचारलं, आणि परतताना अकराही जणांना नावाने हाक मारली. कृष्णवेणी नावाच्या एका म्हाताऱ्या माळीणबाईने तिला अगदी मागच्या कोपऱ्यातला गळका नळ दाखवला. ताईने तो वाकून पाहिला. निवृत्त झाल्यापासून मी तिला इतकी ताठ चालताना पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा नुसता फुलला होता. आणि मी? मी दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होतो. साडेचार. पाच. साडेपाचला चहा आणि मैसूरपाक आला, तोही मी घड्याळाकडे बघतच संपवला.

शेवटी शेरेबुक आलं. ताईने मराठीत, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'बाग उत्तम. नळ दुरुस्त करावा. काम करणाऱ्यांना सावलीत बसायला बाक द्यावा.' खाली सही केली, आणि पदाच्या जागी लिहिलं, 'निवृत्त मुख्याध्यापिका, वर्धा'. खोटं तिला लिहिता येत नाही.

आभाने ते कन्नडमध्ये वाचून दाखवलं. वरलक्ष्मींनी त्या पदावर बोट ठेवलं. मग त्या आभाला काहीतरी म्हणाल्या आणि ताईच्या पाया पडल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, आजवर एकही समिती नळापर्यंत गेली नव्हती."

निघालो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. रविवारची संध्याकाळ, हुणसूर रस्ता, आणि कोडगूच्या डोंगरांत सहलीला गेलेलं सगळं जग जणू आमच्याच पुढे घरी निघालेलं. पावणेसात. सात. तिकडे दिवे लागले असतील. सव्वासातला आम्ही शहरात शिरलो आणि राजवाड्याच्या अलीकडच्या एका सिग्नलपाशी गाडी जी थांबली ती थांबलीच.

मला राहवेना. पेट्यासकट मी मागे वळलो आणि सगळं बोलून टाकलं. "ताई, मला माफ कर. माझ्या गोवरामुळे तुझी सहल हुकली. पन्नास वर्षं मला ते डाचतंय. एक गोष्ट, एकच गोष्ट तुला दाखवायची होती, आणि मी तिथेही..." छप्पन वर्षांचा नियोजन प्रमुख भर सिग्नलला रडायच्या बेतात आला होता.

ताई मोठ्याने हसली.

"अरे वेड्या, तुझ्या गोवरामुळे नाही काही! मला बस लागायची. दोन वळणं झाली की उलटी. मैत्रिणींसमोर लाज वाटेल म्हणून मीच गेले नाही. तुझा गोवर फक्त कामी आला. पन्नास वर्षं हे डोक्यात घेऊन काहून बसला तू?"

माझ्या छातीवरचं केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! तेवढ्यात मृदुला म्हणाली, "अहो, गप्पा पुरे. सात पंचवीस झाले. तुम्ही दोघं इथेच उतरा आणि चालत सुटा. आम्ही सामान घेऊन स्टेशनवर थांबतो."

हे माझ्या तक्त्यात नव्हतं. आम्ही उतरलो.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. पुढे मी, जरीचा पेटा घातलेला, हातात लाल ओळीचा तक्ता. मागे ताई, गळ्यात चंदनाचा हार, खांद्यावर शाल. फाटकाशी माणसांचा हा महापूर. मी "दारी बिडी, दारी बिडी" म्हणत वाट मागत होतो, पण मागायची गरजच नव्हती. हार आणि शाल पाहून माणसं आपोआप बाजूला होत होती. कुणीतरी कुणालातरी म्हणालं, "यारो दोड्डवरु!" म्हणजे कोणीतरी मोठी असामी. एका पोलिसाने ताईला सलाम ठोकला. ताईने मान तुकवून तो स्वीकारला. एका कुटुंबाने मला राजघराण्याचा नोकर समजून माझ्याबरोबर फोटो काढला. तेवढी दोन मिनिटं गेली, पण मी हसलो चांगला.

सात वाजून सदतीस मिनिटांनी आम्ही अगदी पुढे पोचलो.

काय सांगू! मी एकोणीस वर्षं या शहरात राहतो आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सगळ्यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. जवळजवळ लाखभर दिवे. प्रत्येक कमान, प्रत्येक घुमट, अगदी कळसापर्यंत, सोन्याच्या रेघांनी काढलेला. बँड वाजत होता. माझ्या तोंडाचा आ मिटेना. "ताई, बघ! ताई, ते वरचं बघ!" मी पाच वर्षांच्या पोरासारखा तिचा हात ओढत होतो.

मग मी वळून पाहिलं. ताईने पिशवीतून काहीतरी काढून डोळ्यांसमोर धरलं होतं. ते पोस्टकार्ड होतं. कोपरे झिजलेलं, मागे ट्रंकेच्या रंगाचे पोपडे चिकटलेले. ती ते राजवाड्यासमोर धरून एकेक घुमट जुळवत होती.

तेव्हा मला चामुंडीची वळणं आठवली. आणि चिवडा.

"ताई," मी म्हणालो, "तुला बस लागायची?"

"फार," ती म्हणाली. कार्डावरून नजर न काढता.

पावणेआठला सगळे दिवे एकदम विझले, गर्दीतून एक मोठा 'ओह' उठला, आणि अंधारात ताईने माझा हात घट्ट धरला.

गाडी आठ तीसला सुटायची होती. सामान चढलं. ताई खिडकीत बसली आणि म्हणाली, "तक्ता दे." तिने लाल पेन काढलं, मागच्या कोऱ्या बाजूला भराभर लिहिलं, घडी केली आणि गाडी हलल्यावर माझ्या हातात दिली. मी पेटा काखेत धरून, डबा दिसेनासा होईपर्यंत हात हलवत राहिलो. मग दिव्याखाली जाऊन घडी उघडली. आत ते पोस्टकार्ड होतं. आणि शेरा:

'राजवाडा पाहिला. दिवे सर्व चालू. सचिव वेळेवर नव्हते, परंतु गोवर पूर्ण बरा झाल्याचे आढळले.'